लायब्ररीच्या आतच विषयवार संदर्भपानं कशी घालायची: सांगलीच्या पाणीपातळीचं उदाहरण घेऊन

माझ्या एका विद्यार्थ्याने सरावासाठी जुन्या बातम्यांतून सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या नोंदी उतरवून घेतल्या. एक नोंद ४५ फूट ६ इंचांची होती, ती त्याने ४५.६ अशी टाइप केली. पुढची ४५ फूट ११ इंचांची, ती झाली ४५.११. माझ्या पायथॉन लायब्ररीने (म्हणजे इतरांनाही वापरता येईल अशा तयार फंक्शनांच्या संचाने) दोन्हींची वजाबाकी करून पाणी जवळजवळ अर्धा फूट उतरल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात ते ५ इंच चढलं होतं. "सर, आलेख उलटाच येतोय," म्हणून त्याचा फोन आला.

त्या फंक्शनवर मी लिहिलेलं होतं, "पातळी फुटांत द्यावी." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आपल्याकडे पातळी फूट-इंचांत सांगतात आणि इंच दशांश चिन्हापुढे लिहायचे नसतात, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. लिहायचं तरी कुठे? फुटांत आकडा घेणारी चार फंक्शनं होती. चारही ठिकाणी तोच परिच्छेद चिकटवला असता तर पुढे एका ठिकाणी दुरुस्ती झाली असती आणि तीन ठिकाणी राहून गेली असती. आणि फक्त एकाच ठिकाणी लिहिला असता तर बाकीची तीन फंक्शनं वापरणाऱ्याला तो दिसलाच नसता.

ज्या गोष्टी कुठल्याही एका फंक्शनच्या नसतात पण सगळ्यांना लागतात, त्यांच्यासाठी लायब्ररीत वेगळी पानं ठेवायची असतात. एका विषयाला एक पान. ही पानं लायब्ररीसोबतच इन्स्टॉल होतात आणि हेल्प या आज्ञेने तिथल्या तिथे वाचता येतात. पहिली लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ती कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण पायथॉनचं आहे, लायब्ररी आमची सरावाची, नाव नदीमाप. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

ही कल्पना जुनीच आहे. लिनक्सच्या मॅन पानांत (म्हणजे सोबत येणाऱ्या मॅन्युअलच्या पानांत) सातवा विभाग आज्ञांचा नसून संकल्पनांचा आणि संकेतांचा असतो. गिटमध्ये "गिट हेल्प -जी" दिलं की संकल्पनांवरच्या पानांची यादी येते. पॉवरशेलमध्ये "अबाउट" या शब्दाने सुरू होणारी पानं असतात. पर्लमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन शिकवणारं अख्खं पान भाषेसोबतच मिळतं. खुद्द पायथॉनमध्ये हेल्पच्या कंसात अवतरणचिन्हांत "टॉपिक्स" लिहिलं की विषयांची यादी येते. त्यात "प्रिसीडन्स" म्हणजे कुठलं चिन्ह आधी सोडवायचं याचं पान आहे, कारण ती गोष्ट एकट्या अधिक चिन्हाची नाही आणि एकट्या गुणाकाराचीही नाही. आमच्या लायब्ररीतल्या फूट-इंचांची गत नेमकी तीच होती.

पायरी १: विषय ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवखे लोक बहुतेक वेळा कोडच्या फाइलींकडे बघून विषय ठरवतात: "वाचन", "गणित", "आलेख". मग त्या पानांत फंक्शनांचंच वर्णन पुन्हा येतं आणि ती कुणी उघडत नाही. विषय वापरणाऱ्याच्या डोक्यातल्या गोंधळावरून ठरवायचे असतात.

मी एक साधी कसोटी लावतो. एखादं वाक्य तीन फंक्शनांच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेल्या, हेल्पमध्ये दिसणाऱ्या वर्णनात) लिहावंसं वाटलं, की ते वाक्य विषयाच्या पानावर जायला हवं. दुसरा मार्ग म्हणजे आलेले प्रश्न. गेल्या दोन महिन्यांत लोकांनी काय विचारलं ते वहीत लिहून काढा. एकच प्रश्न दोनदा आला असेल तर तो विषय. आमच्या वहीतून चार विषय निघाले.

पहिला, एकके. आमच्या भागात पातळी फूट-इंचांत, धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये आणि धरणातला साठा टीएमसीमध्ये मोजतात. तिन्ही शब्द पेपरात रोज वाचायला मिळतात, पण विद्यार्थ्यांना विसर्ग आणि साठा यांचं नातं लावता येत नाही.

दुसरा, पातळी म्हणजे नेमकी कुठून मोजलेली. पुलाजवळच्या मापपट्टीवर ४५ फूट दिसतं, त्याचा अर्थ नदी ४५ फूट खोल आहे असा नाही. पट्टीचा शून्य एका ठरलेल्या जागी असतो आणि त्याच्यापासूनची ती उंची असते. केंद्रीय जल आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये येते. हे दोन आकडे एकाच स्तंभात पडले की त्यातून येणारं उत्तर निरर्थक असतं, आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही नुसत्या संख्याच असतात.

तिसरा, दिवस कुठे संपतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. म्हणजे १५ जुलैच्या नावावर मांडलेल्या पावसात १४ तारखेच्या दुपारची सरही येते. त्यात संगणकावरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर सकाळचे ८.३० म्हणजे तिथले ३.००. महाबळेश्वरचा पाऊस आणि सांगलीची पातळी एकाच आलेखात मांडायला निघालेला माणूस इथे हमखास अडखळतो.

चौथा, गहाळ नोंदी. रिकामी जागा, शून्य आणि "नोंद नाही" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

चार विषय पुरे झाले. सुरुवातीलाच वीस पानांची यादी करू नका. त्यातली सोळा अर्धवट राहतात, आणि अर्धवट पान पाहिलं की वाचणाऱ्याचा बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

पायरी २: फोल्डर मांडा

नदीमापच्या मुख्य फोल्डरमध्ये "विषय" नावाचं एक फोल्डर करा. त्यात इनिट फाइल (नावात इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर) टाका, म्हणजे पायथॉनच्या लेखी ते उपपॅकेज होतं. मग प्रत्येक विषयाची एक पायथॉन फाइल: एकके, पातळी, दिवस, गहाळ. प्रत्येक फाइलीत फक्त डॉकस्ट्रिंग, म्हणजे तीन अवतरणचिन्हांतला मजकूर. बाकी काही नाही. इम्पोर्ट नाही, व्हेरिएबल नाही. हेल्प मागितल्यावर पायथॉन ती फाइल इम्पोर्ट करतो, त्यामुळे आत कोड असेल तर तो चालतो; शिवाय फाइलीतली व्हेरिएबल्स पानाखाली "डेटा" म्हणून छापली जातात आणि वाचणारा गोंधळतो.

एवढं केलं की टर्मिनलवर हे चालतं (पायडॉक म्हणजे पायथॉनसोबतच येणारं, मदतीची पानं दाखवणारं मॉड्यूल):

पायथॉन -एम पायडॉक नदीमाप.विषय.एकके

आणि पायथॉनच्या आत हेल्पच्या कंसात अवतरणचिन्हांत "नदीमाप.विषय.एकके" लिहिलं तरी तेच पान उघडतं, आधी इम्पोर्ट न करता. पान लांब असलं तर ते थांबत थांबत दिसतं. स्पेसबारने पुढे जायचं आणि क्यू दाबून बाहेर पडायचं. हे आधी सांगून ठेवा. बाहेर कसं पडायचं ते न कळल्यामुळे अख्खं टर्मिनलच बंद करणारी मुलं मी पाहिली आहेत.

मजकूर पायथॉनच्या फाइलीत न ठेवता साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवता येतो का? येतो. पायथॉन ३.७ पासून इम्पोर्टलिब.रिसोर्सेस आहे, त्याने पॅकेजमधली टेक्स्ट फाइल वाचून छापणारं छोटं फंक्शन लिहिता येतं. पण मग हेल्प ते पान आपोआप दाखवत नाही आणि पॅकेज बांधताना त्या फाइली वेगळ्या नोंदवाव्या लागतात. पहिल्या लायब्ररीसाठी डॉकस्ट्रिंगचाच मार्ग धरा.

मोठ्या लायब्रऱ्यांचं गणित वेगळं असतं, हेही लक्षात असू द्या. नमपाय या आकडेमोडीच्या मोठ्या लायब्ररीत पूर्वी असंच "डॉक" नावाचं उपपॅकेज होतं, त्यात ब्रॉडकास्टिंग, इंडेक्सिंग असे विषय होते आणि ते हेल्पने वाचता यायचे. पुढे तो मजकूर त्यांच्या वेगळ्या दस्तऐवजांत हलवला गेला. शेकडो पानं, आकृत्या, सूत्रं असली की टर्मिनल पुरत नाही. आपली चार-सहा पानं आहेत. ती लायब्ररीच्या आतच असू द्या.

आत असू द्या म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा कित्येक भागांत वीज नव्हती, मोबाइलचं नेटवर्क येत-जात होतं. पाणीपातळीच्या लायब्ररीची खरी गरज ज्या दिवशी लागणार, नेमक्या त्याच दिवशी इंटरनेट नसण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपच्या बॅटरीवर जे उघडेल तेवढंच त्या दिवशी उपयोगाचं.

पायरी ३: एक पान पूर्ण लिहा

चारही पानं एकदम सुरू करू नका. एक घ्या आणि ते पूर्ण करा. आमचं "एकके" पान असं आहे:

*नदीमापमधली एकके: फूट-इंच, क्युसेक, टीएमसी*

*नदीमाप सगळ्या पातळ्या आतमध्ये मीटरमध्ये ठेवतो. फुटांत आलेला आकडा घेतानाच बदलला जातो.*

*१ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. १ फूट म्हणजे १२ इंच. म्हणून ४५ फूट ११ इंच हे ४५.११ फूट नाहीत, ते सुमारे ४५.९२ फूट आहेत. इंच दशांश चिन्हापुढे लिहू नका. फूट_इंच हे फंक्शन वापरा, त्याला ४५ आणि ११ असे दोन वेगळे आकडे द्या. उत्तर १३.९९५४ मीटर येईल.*

*सांगलीत इशारा पातळी ४० फूट आहे, म्हणजे १२.१९२ मीटर. धोका पातळी ४५ फूट, म्हणजे १३.७१६ मीटर. दोन्ही आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवरच्या आहेत. समुद्रसपाटीपासूनच्या पातळीशी त्यांची तुलना करू नका. पाहा: पातळी.*

*क्युसेक हा वेग आहे: दर सेकंदाला १ घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. टीएमसी हे आकारमान आहे: १०० कोटी घनफूट. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होत नाही. मध्ये वेळ यावी लागते. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं तर १ टीएमसी होतं. ४०,००० क्युसेकने दिवसभर सोडलं तर सुमारे ३.४६ टीएमसी.*

*संबंधित फंक्शनं: फूट_इंच, पातळी_फरक, विसर्ग_ते_साठा.*

चालवून बघायची दोन उदाहरणं सोडली (ती पायरी ६ मध्ये), तर पान एवढंच आहे. आता ते असंच का लिहिलं, ते सांगतो.

पहिली ओळ एकटी आहे आणि तिच्यानंतर एक ओळ रिकामी सोडली आहे. डॉकस्ट्रिंगबद्दलचा हा संकेत पायथॉनच्या पीईपी २५७ या अधिकृत दस्तऐवजात २००१ पासून आहे. हेल्प ती पहिली ओळ मॉड्यूलच्या नावासमोर छापतो आणि बाकीचा मजकूर खाली वर्णन म्हणून. रिकामी ओळ विसरलात तर सारांश वेगळा निघत नाही, सगळं एकत्र येतं.

दुसऱ्याच वाक्यात लायब्ररी काय करते ते आलं आहे. फुटाचा इतिहास आला नाही. पान उघडणारा अडलेला असतो. त्याला आधी आपल्या कामाचं वाक्य मिळालं पाहिजे.

ठळक चूक उदाहरणासकट आली आहे. "एककांची काळजी घ्या" असं लिहिलं असतं तर त्या विद्यार्थ्याने मान डोलावून पुन्हा ४५.११ च टाइप केलं असतं. ४५.११ हा आकडा पानावर डोळ्यांना दिसला, की स्वतःच्या फाइलीतला तसलाच आकडा आठवतो. चूक जशी घडते तशीच लिहा.

शब्द इथे रोज वापरात असलेले आहेत. "विसर्ग", "साठा", "इशारा पातळी", "धोका पातळी" हे शब्द पावसाळ्यात घराघरांत बोलले जातात; कोयनेतून किती पाणी सोडलं हे सांगलीत शाळकरी पोरंही सांगतात. त्यांच्या जागी शब्दकोशातून काढलेले शब्द घालू नका. आणि एकदा विसर्ग म्हटलं की सगळ्या पानांवर विसर्गच. मध्येच "प्रवाहदर" आला की वाचणाऱ्याला ती नवीनच काहीतरी राशी वाटते.

हे पान लिहिताना आणखी एक गोष्ट झाली. फूट_इंच हे फंक्शन आधी नव्हतंच. इंच कसे द्यायचे ते समजावून सांगताना मला चार वाक्यं लागली, तेव्हा लक्षात आलं की इथे मजकुरापेक्षा फंक्शन हवं आहे. पानावर एखादी ताकीद फारच लांबायला लागली तर हात थांबवा आणि कोडकडे बघा.

पायरी ४: अनुक्रमणिका

विषय या फोल्डरच्या इनिट फाइलीत एक डॉकस्ट्रिंग लिहा: प्रत्येक विषयाचं नाव आणि त्यापुढे एक ओळ. हेल्पला "नदीमाप.विषय" विचारलं की ही यादी दिसेल. त्याच्या खाली पायथॉन फाइलींची नावं आपोआपही छापतो, पण नुसत्या नावावरून "दिवस" म्हणजे काय ते कुणाला कळणार?

ही यादी कोडने तयार करायचा मोह होतो. चार-सहा विषयांसाठी ती हातानेच लिहा. कोडने करायचीच असेल तर एक खड्डा माहीत असू द्या: पायथॉन -ओओ या पर्यायाने चालवला तर सगळ्या डॉकस्ट्रिंग काढून टाकल्या जातात आणि त्यांच्या जागी नन, म्हणजे पायथॉनचं "काहीच नाही", येतं. तुमचा कोड डॉकस्ट्रिंगच्या ओळी मोडायला गेला तर लायब्ररी इम्पोर्ट होतानाच कोसळते. मदतीच्या मजकुरामुळे कामाचा कोड बंद पडणं कुणालाच परवडणारं नाही, त्यामुळे आधी नन आहे का ते तपासा.

पायरी ५: फंक्शनांपासून पानापर्यंत वाट

लोक विषयाचं पान थेट उघडत नाहीत. ते आधी फंक्शनची हेल्प बघतात. म्हणून चारही फंक्शनांच्या डॉकस्ट्रिंगच्या शेवटी एक ओळ घाला: "पाहा: नदीमाप.विषय.एकके". पूर्ण नाव लिहा, म्हणजे ते कॉपी करून हेल्पला देता येतं. आणि पानाच्या शेवटी संबंधित फंक्शनांची नावं. मुख्य पॅकेजच्या डॉकस्ट्रिंगमध्येही "विषयांची यादी: नदीमाप.विषय" ही ओळ हवी.

पायरी ६: पानावरची उदाहरणं चालवून बघा

कोड बदलतो आणि पान जुनंच राहतं. ही पानं निरुपयोगी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पायथॉनमध्ये २००१ पासून डॉकटेस्ट नावाचं मॉड्यूल आहे. तीन वेळा "पेक्षा मोठं" हे चिन्ह घालून उदाहरण लिहायचं, त्याच्या खालच्या ओळीत अपेक्षित उत्तर. डॉकटेस्ट ते उदाहरण खरोखर चालवतो आणि आलेलं उत्तर लिहिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो.

वरच्या पानात प्रत्यक्ष फाइलीत अशी दोन उदाहरणं आहेत: फूट_इंच ला ४५ आणि ११ दिल्यावर येणारी पातळी, आणि ११,५७४ क्युसेकचा एका दिवसाचा साठा. दशांश अपूर्णांकांची उत्तरं राउंड करूनच छापा, नाहीतर शेवटच्या कुठल्यातरी अंकामुळे डॉकटेस्ट नापास होतो आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता.

सगळं बरोबर असलं तर डॉकटेस्ट काहीच छापत नाही. नवख्या माणसाला ही शांतता खटकते, "चाललं की नाही?" असं वाटतं. एकदा -व्ही देऊन सगळा तपशील बघून घ्या. चाचण्या चालवायला पायटेस्ट हे साधन वापरत असाल तर "--डॉकटेस्ट-मॉड्यूल्स" हा पर्याय एकदा लावून ठेवा, म्हणजे बाकीच्या चाचण्यांबरोबर पानंही तपासली जातात. त्याच फेरीत आणखी एक छोटी चाचणी लिहा: विषय फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीचं नाव अनुक्रमणिकेत आहे का, आणि प्रत्येक पानाची पहिली ओळ भरलेली, दुसरी रिकामी आहे का. दहा ओळींची चाचणी आहे, पण नवं पान टाकून यादीत लिहायला विसरलेल्याला ती लगेच पकडते.

पायरी ७: मराठी मजकुराचे प्रश्न

पायथॉन ३ मध्ये कोडची फाइल यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्या साठवता येणाऱ्या पद्धतीत) धरली जाते, त्यामुळे डॉकस्ट्रिंग मराठीत लिहायला काही वेगळं करावं लागत नाही. अडचण येते ती दाखवताना. आमच्याकडे जुन्या विंडोज मशीनवर काळ्या खिडकीत मराठीच्या जागी चौकोन आले. तिथे "पायथॉन -एम पायडॉक -बी" द्या. पायडॉक त्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालू करून पानं ब्राउझरमध्ये उघडतो. त्यालाही इंटरनेट लागत नाही. टर्मिनलमध्येच वाचायचं असेल तर पायथॉन-यूटीएफ-८ (रोमन मोठ्या अक्षरांत, मधल्या रेषा न घालता) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून पाहा, आणि देवनागरी असलेला फाँट निवडा.

टर्मिनलसाठी तक्ते करू नका. काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं यांमुळे देवनागरी अक्षरांची रुंदी मोजता येत नाही; तुमच्या एडिटरमध्ये सरळ दिसणारे स्तंभ दुसऱ्याच्या टर्मिनलमध्ये वाकडे होतात. एका ओळीत एक गोष्ट लिहा. माझ्या पहिल्या "एकके" पानात सुंदर तक्ता होता. तो मी काढून टाकला.

आणखी एक. विंडोजमधल्या फाइलीचा पत्ता डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलात, आणि त्यात उलट्या तिरक्या रेषेनंतर यू हे मोठं अक्षर आलं, तर फाइलच चालत नाही, सिंटॅक्स एरर येते. युझर्स फोल्डरच्या पत्त्यात नेमकं तेच असतं. सुरुवातीच्या अवतरणचिन्हांआधी आर हे अक्षर लावायची सवय सगळ्याच पानांना लावून टाका.

फाइलींची नावं मात्र रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी नावं पायथॉनला चालतात, पण ती एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेताना आणि झिप करताना घोळ होतो.

पायरी ८: बांधा आणि दुसरीकडे इन्स्टॉल करा

स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या फोल्डरमध्ये सगळं चालतंच. तिथे पायथॉन तुमच्या मूळ फाइली वाचत असतो. पॅकेज बांधल्यावर विषय फोल्डर आत गेलं की नाही हे तिथून कधीच कळत नाही. पहिल्या खेपेला मी त्या फोल्डरमध्ये इनिट फाइल टाकायची विसरलो होतो. सेटअपटूल्स या पॅकेज बांधणाऱ्या साधनाने त्याला पॅकेज मानलं नाही आणि ते बाहेरच राहिलं. मला ते तीन आठवडे कळलं नाही.

म्हणून व्हील बांधा. व्हील म्हणजे इन्स्टॉल करायला तयार पॅकेज, आणि ती झिप फाइलच असते. "पायथॉन -एम झिपफाइल -एल" आणि पुढे व्हीलचं नाव दिलं की आतल्या फाइलींची यादी येते. चारही विषय दिसले पाहिजेत. मग नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांसाठीची वेगळी, कोरी जागा) करा, त्यात ते व्हील इन्स्टॉल करा, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमधून बाहेर येऊन हेल्प मागा. बाहेर येणं महत्त्वाचं आहे. आतच बसून तपासलंत तर पायथॉन पुन्हा मूळ फोल्डरच उचलतो.

पायरी ९: वाय-फाय बंद करून दुसऱ्याच्या हातात द्या

लायब्ररी कधीही न पाहिलेल्या माणसाला बसवा, वाय-फाय बंद करा आणि एक काम द्या. आम्ही दिलेलं काम होतं: "या दहा नोंदींपैकी कुठल्या धोका पातळीच्या वर आहेत ते काढ." नोंदी मुद्दाम फूट-इंचांत ठेवल्या होत्या. तुम्ही मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. ती व्यक्ती हेल्पच्या कंसात काय टाइप करते ते शब्दशः लिहून घ्यायचं. या पायरीचा खरा माल तोच.

पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती. तिने आधी नदीमापची हेल्प काढली, तिथली "विषयांची यादी" ही ओळ वाचली, आणि यादी न उघडता सरळ "नदीमाप.विषय.पूर" टाइप केलं. असं पान नव्हतं. पायथॉनने माहिती सापडली नसल्याचं इंग्रजीत सांगितलं. ती थांबली, मग "नदीमाप.विषय.धोका" करून पाहिलं. तेही नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने यादी उघडली, "पातळी" वाचलं, तिथून "एकके" वर गेली आणि फूट_इंच वापरून दहाच्या दहा नोंदी बरोबर लावल्या.

काम झालं होतं, पण तिचे ते पहिले दोन शब्द माझ्या वहीत होते. त्याच संध्याकाळी विषय फोल्डरमध्ये दोन नव्या फाइली आल्या, पूर आणि धोका. दोन्हींत पहिल्या ओळीत सारांश, मग रिकामी ओळ, आणि खाली एवढंच: "पाहा: नदीमाप.विषय.पातळी आणि नदीमाप.विषय.एकके."